गुप्त मंडळ कोल्हापुरात भरवायचं तर

दत्तगुरू काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला जातात, असं दत्तसंप्रदायात मानलं जातं. अंबाबाईच्या देवळापासून जवळच भिक्षालिंगाचं स्थान आहे. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून ही कल्पना नुसती गोष्ट म्हणून बघा. एक योगी रोज भर पेठेत येतो, कुणाच्या तरी दारात उभा राहतो, पदरात पडेल ते घेतो आणि निघून जातो. तो कुठल्या वेशात येईल हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे दारातल्या कुठल्याच याचकाला हुसकून लावायची सोय राहत नाही.

लपायचं, पण गर्दीत राहून लपायचं. काल्पनिक जगातले रोलप्लेइंग खेळ रचणाऱ्यांना जादूगारांचं गुप्त मंडळ उभं करताना नेमकी हीच गोष्ट जमत नाही. त्यांची मंडळं कुठल्यातरी धुक्यातल्या मनोऱ्यावर राहतात, काळे झगे घालतात, मेणबत्त्या लावून कट करतात. असं मंडळ लपलेलं नसतं, ते आपल्या गुप्ततेची जाहिरात करत असतं. आपल्याकडे मात्र अशा मंडळांचं अस्सल सामान शतकानुशतकं पडून आहे आणि त्यातलं बरंचसं कोल्हापूरच्या आसपासच आहे. ते खेळाच्या टेबलावर कसं मांडता येईल, हे सांगायला हा लेख.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. खेळणारे त्याला डीएम म्हणतात. जग त्याचं, त्यातला राजा, राक्षस, सराफ आणि सरायवाला त्याचा. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतो, आणि जमेल की नाही अशी शंका असली की फासा पडतो, बहुधा वीस बाजूंचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांत छापून विकायला काढला आणि या प्रकाराची रीतसर सुरुवात झाली. त्यातल्या जादूगाराचा मूळ नियम जॅक व्हान्स या लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातून आला. मंत्र पाठ करायचा, एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो, पुन्हा हवा असेल तर पोथी काढून पुन्हा पाठ करायचा. म्हणजे जादूगाराचं सगळं बळ त्याच्या पोथीत. ज्याच्याजवळ पोथी असते त्याच्याजवळ चोरही येतो, म्हणून ती लपवावी लागते. गुप्ततेची सुरुवात इथून झाली.

खेळाला अशी मंडळं हवीच असतात. एकटा जादूगार म्हणजे नुसती तोफ. त्याच्यामागे मंडळ आलं की त्याला गुरू येतो, गुरुबंधू येतो, गुरुबंधूचा मत्सर येतो, फेडायचं ऋण येतं आणि मोडता न येणारी शपथ येते. सूत्रधाराला गोष्ट पुढे न्यायला अजून काय लागतं?

परदेशी खेळांत या बाबतीत सगळ्यात विचारपूर्वक बांधलेला खेळ मला ‘आर्स मॅजिका’ वाटतो. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी तो १९८७ साली काढला. पार्श्वभूमी मध्ययुगीन युरोपची. त्यात ‘ऑर्डर ऑफ हर्मीस’ नावाचं जादूगारांचं मंडळ आहे, त्याची बारा घराणी आहेत. तेरावं घराणं बाकीच्यांनी मिळून संपवलं, आणि त्या यादवीचं पाप मंडळाच्या उरावर अजून आहे. मंडळ स्थापन झालं कशामुळे, याचं उत्तर तर फारच सुंदर आहे. त्याआधी दोन जादूगार एका खोलीत बसूच शकत नव्हते. कोण कधी वार करील याचा भरवसा नाही. मग बोनिसॅगस नावाच्या एका जादूगारानं परक्या जादूपासून वाचवणारी एक ढाल शोधली, पार्मा मॅजिका. ती ज्याला शिकायची असेल त्यानं मंडळाची शपथ घ्यायची. म्हणजे हे मंडळ प्रेमावर उभं नाही, कुठल्या थोर ध्येयावरही नाही. एकमेकांविषयीच्या अविश्वासाची त्यांनी केलेली ती तडजोड आहे. शिष्याची पंधरा वर्षांची उमेदवारी, भांडण मिटवायला ठरलेल्या नियमांचं द्वंद्व, दुसऱ्या सदस्यावर जादूनं पाळत ठेवायला बंदी, शपथ मोडणाऱ्याला वाळीत टाकून त्याची शिकार, हे सगळे कायदे त्या एका भीतीतून निघतात.

१९९३ सालच्या ‘मेज: द असेन्शन’मध्ये गुप्ततेचं कारण वेगळं आहे. तिथं सामान्य माणसाचा अविश्वास हीच जादूवरची मर्यादा आहे. चारचौघांसमोर उघड चमत्कार केलात तर वास्तव उलटून तुमच्याच अंगावर येतं. त्यामुळे तिथले जादूगार जादू अशी करतात की बघणाऱ्याला योगायोग वाटावा. आणखी एक प्रसिद्ध उदाहरण ‘ड्रॅगनलान्स’चं, पांढरे, तांबडे आणि काळे झगे, तीन चंद्र, आणि मनोऱ्यात घेतली जाणारी जिवावरची परीक्षा. ते दिसायला देखणं आहे, पण आत ‘आर्स मॅजिका’एवढा दम नाही.

आता आपल्याकडे या.

शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, धुंडिसुत मालूनं ‘नवनाथ भक्तिसार’ ही ओवीबद्ध पोथी पुरी केली. अध्याय चाळीस. श्रावणात घरोघरी तिचं पारायण होतं. भक्तिभावानं वाचणाऱ्यांना त्यात नाथांचा महिमा दिसतो. खेळ रचणाऱ्याला त्याच पोथीत एका जादूगारमंडळाची नियमावली दिसेल. ऋषभदेवाचे नऊ पुत्र, ज्यांना नवनारायण म्हणतात, ते नाथ होऊन पृथ्वीवर येतात. मच्छिंद्र, गोरक्ष, जालिंदर, कानिफ, चरपटी, नागनाथ, भर्तरी, रेवण आणि गहिनी. एकाचाही जन्म धड माणसासारखा नाही. मच्छिंद्र माशाच्या पोटी आला आणि शंकरानं पार्वतीला केलेला गुप्त उपदेश त्यानं पाण्यात राहून ऐकला. या मंडळाची पहिली विद्याच मुळी चोरून ऐकलेली आहे! गोरक्ष उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून आला. जालिंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून. गहिनीनाथाची गोष्ट तर खेळातल्या चुकलेल्या फाशाची वाटावी. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसला होता. पोरं चिखलाची गाडी करून खेळत होती, त्यांनी गाडीवान करून द्या म्हणून हट्ट धरला. तोंडात मंत्र आणि हातात चिखल. बाहुला जिवंत झाला आणि पोरं भूत भूत म्हणून पळाली.

मच्छिंद्रानं शाबरी विद्या कशी मिळवली, तेही बघण्यासारखं आहे. सप्तशृंगीच्या अंबिकेनं त्याला नागाश्वत्थाच्या झाडापाशी नेलं. तिथं बावन्न वीर राहतात. ते वश झाल्याशिवाय मंत्राला बळ येत नाही. शाबरी मंत्र संस्कृतातले नसतात, ते लोकभाषेतले असतात. बावन्न वीरांशी वेगवेगळा करार, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, प्रत्येकाची मागणी वेगळी. कुठल्याही छापील नियमपुस्तकातल्या मंत्रांच्या कोष्टकापेक्षा ही मांडणी खेळायला जास्त मजेची आहे, कारण इथं जादूगाराला पाठांतरापेक्षा बोलणी करता यावी लागतात.

मग नाथांची आपसातली चुरस. गोरक्ष आणि कानिफ यांची वाटेत गाठ पडते. कानिफाजवळ शिष्यांचा मोठा लवाजमा, गोरक्ष एकटा. आंब्याच्या झाडाखाली विद्येची चुणूक दाखवायची टूम निघते. कानिफ मंत्रानं पिकले आंबे खाली उतरवतो. गोरक्ष म्हणतो, उतरवलेत ठीक, आता हे पुन्हा देठाला चिकटवून दाखवा. कानिफाला ते येत नाही. गोरक्ष करून दाखवतो. दोघंही चिडतात आणि एकमेकांच्या गुरूवर घसरतात. तुझा गुरू तिकडे स्त्रीराज्यात राणीच्या महालात रमलाय. तुझा गुरू तर गोपीचंद राजानं घोड्याच्या लिदीखाली खड्ड्यात पुरलाय. दोघांनाही आपापल्या गुरूचा पत्ता नेमका प्रतिस्पर्ध्याकडून, आणि तोही टोमण्यातून कळतो. सूत्रधारांनी हा प्रसंग पाठच करून ठेवावा. खेळाडूंच्या हाती माहिती द्यायची तर म्हाताऱ्या ऋषीच्या प्रवचनातून देऊ नये, भांडणातून द्यावी.

पुढे गोरक्ष स्त्रीराज्यात शिरतो, मृदंग वाजवून गुरूला जागं करतो आणि बाहेर काढतो. परतीच्या रानात मच्छिंद्राला चोराची भीती वाटायला लागते, कारण त्याच्या झोळीत सोन्याची वीट असते. शिष्य ती वीट फेकून देतो आणि डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. मंडळाचा आद्य गुरू मोहात पडतो आणि त्याला सोडवायला चेला जातो, ही गोष्ट पोथी लपवत नाही. पाश्चात्त्य काल्पनिक जगात मंडळाचा प्रमुख बिघडला की तो खलनायक होतो आणि त्याला मारावं लागतं. इथं त्याला परत आणावं लागतं. खेळाच्या दृष्टीनं हे कितीतरी कठीण आणि म्हणूनच चांगलं काम आहे.

पोथीबाहेरचे, खरे नाथपंथी जोगी तर अजूनही फिरतात. कान फाडून कुंडलं घालण्याची दीक्षा, म्हणून कानफाटे. गळ्यात शिंगी, हातात चिमटा, काखेत झोळी, एकमेकांना भेटले की ‘आदेश’ हा नमस्कार. बारा पंथ आहेत. कोल्हापूरच्या उत्तरेला बत्तीस शिराळ्याला गोरक्षनाथाचं ठाणं आहे, तिकडे खानापूर तालुक्यात रेणावीला रेवणसिद्धाचं. वाडी रत्नागिरीच्या जोतिबालाही केदारनाथ म्हणतात. या लोकांना ओळखायला अडचण काहीच नव्हती. खुणा कानातच होत्या. गुप्त होतं ते त्यांना काय येतं एवढंच. भिक्षेकऱ्याकडे कोण निरखून बघतो? दारोदार जाणाऱ्याला प्रत्येक घरातली खबर मात्र मिळते. कोल्हापुरात गुप्त मंडळ कल्पायचं असेल तर ते मनोऱ्यात ठेवू नका, झोळी देऊन पेठेत सोडा.

विद्या कशी वाटली जाते, हे समजायला मात्र कोल्हापूरकरांना पोथीचीही गरज नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत जे चालतं ते बघावं. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असं म्हणतात. उद्या पठ्ठ्या उलटला तर? जादूगारांच्या मंडळाचा पाया नेमका या राखून ठेवलेल्या डावावर असतो. शिष्याला ठाऊक असतं की एक डाव उरलाय. गुरूला ठाऊक असतं की शिष्याला हे ठाऊक आहे. खेळाच्या टेबलावर दोघांना समोरासमोर बसवा आणि फासा बाजूला ठेवा. तासभर तो लागणार नाही.

लपवण्याचा सगळ्यात पक्का मराठी नमुना नाथांचा नाही, महानुभावांचा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा पंथ उभा केला, म्हाइंभटानं त्यांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. पुढच्या पिढ्यांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या तयार केल्या. सकळ लिपी आणि सुंदरी लिपी ही त्यांतली प्रसिद्ध नावं. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. किल्ली फक्त पंथात. पोथी उघडी पडली तरी बाहेरच्याला ती नुसती रेघोट्यांची वही. जवळजवळ सहा शतकं मराठीतलं आद्य गद्य या कुलपात राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्यांची किल्ली अभ्यासकांसमोर आणली आणि मराठी साहित्याचा इतिहासच नव्यानं लिहावा लागला. महानुभाव काही जादूगार नव्हते, जादूटोण्याशी त्यांचा संबंधही नाही. पण इतकं लपवलं म्हणून लोकांनी त्यांच्याविषयी नाही नाही ते कल्पिलं. कुणीही मंडळ रचताना हा भाग विसरतो. मंडळाच्या रहस्याबरोबर त्या रहस्याविषयी बाजारात चालणाऱ्या खोट्या गोष्टीही लिहून ठेवाव्यात. खेळाडू आधी त्याच ऐकणार असतात.

याच्या उलट तऱ्हा इंग्रजांच्या राजधानीत झाली. १८८८ साली लंडनमध्ये ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ नावाचं मंडळ निघालं. कवी यीट्सही त्यात होता. संस्थापकांचा दावा असा की सांकेतिक लिपीतलं एक जुनं हस्तलिखित सापडलं आणि त्यातून ही विद्या मिळाली. महानुभावांनी असलेली गोष्ट झाकायला लिपी वापरली; इथं नसलेलं वजन आणायला लिपी कामी आली. मंडळाचे दर्जे, पायऱ्या, पदव्या, वर कुठेतरी अदृश्य प्रमुख, ही सगळी रचना पुढे काल्पनिक कादंबऱ्यांत आणि तिथून खेळांत उतरली. ‘ऑर्डर ऑफ हर्मीस’ या नावातही तो वास आहेच.

अदृश्य गुरूंची ही कल्पना ज्या थिऑसॉफिकल सोसायटीमुळे गाजली, तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून सुरू केलं. कार्ल्याची लेणी बघायला गेले तेव्हा तिथंही ब्लाव्हाट्स्कीबाईंना गुप्त दारं आणि भुयारं दिसली. हिमालयापलीकडचे महात्मे आपल्याला पत्रं धाडतात, ती छतातून पडतात, असं त्या सांगत. दामोदर मावळंकर हा तरुण घरदार सोडून त्यांच्यात गेला आणि १८८५ साली त्या महात्म्यांच्या शोधात तिबेटकडे निघाला. त्याच वर्षी रिचर्ड हॉजसननं पत्रांची चौकशी करून हा सगळा बनाव असल्याचा अहवाल दिला. मंडळ खोटं, शिष्य मात्र खरा. खेळात वापरायला याहून हृदयाला लागणारं पात्र मिळणार नाही.

इतक्या उदाहरणांत एक प्रश्न परत परत वर येतो. मंडळ काय लपवतं, यापेक्षा ते उघड कोण करणार? माझं मत असं की जादूगारांच्या मंडळात चांगले आणि दुष्ट अशा फळ्या पाडणं हा सगळ्यात आळशी मार्ग आहे. खरी फूट ‘सांगावं’ म्हणणारे आणि ‘राखावं’ म्हणणारे यांच्यात पडते. दोन्ही बाजूंना सज्जन असतात, म्हणून खेळाडूंना निवड अवघड जाते.

ही फूट मराठीत प्रत्यक्ष घडलेली आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या शेवटी दिलेली परंपरा बघा. शंकराकडून मच्छिंद्राला, मच्छिंद्राकडून गोरक्षाला, मग गहिनीला, गहिनीकडून निवृत्तीला. त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवर वाघाच्या भीतीनं वाट चुकलेला निवृत्ती गुहेत शिरला आणि तिथं त्याला गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. कलियुगात लोक होरपळताहेत, हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचव, अशी आज्ञा गहिनीनाथांनी केली. निवृत्तीनं ते धाकट्या भावाला दिलं आणि त्यानं १२९० साली ते मराठीत, भर सभेत सांगून टाकलं. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन करताना तर ज्ञानदेव स्वतःच म्हणतात की नाथांच्या संकेतातली ही गोष्ट आहे, आणि समोर जाणकार गिऱ्हाईक श्रोते आहेत असं पाहून आपण तिचं गाठोडं सोडून दाखवलं. मंडळातलाच माणूस, मंडळाच्याच गुरूच्या आज्ञेनं, मंडळाची पेटी उघडतो. परंपरेतल्या इतरांना हे कसं वाटलं असेल? कुणी तरी वस्तादाचा राखलेला डाव चव्हाट्यावर आणला म्हणून कळवळलंच असेल. त्या कुणाचं नाव इतिहासात नाही, आणि खेळात नेमकं तेच पात्र आपण घडवू शकतो.

समोर चांगदेव आहेच. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा तांडा. परदेशी खेळांत मरण चुकवत शतकानुशतकं जगणारा जादूगार म्हणजे हाडांचा सापळा झालेला राक्षस असतो. आपला चांगदेव एका कोऱ्या पत्रापाशी अडखळतो. ज्ञानदेवांना लिहायला बसला, वडील म्हणावं की धाकटे हेच ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षांत कोराच राहिलात, असा शेरा छोट्या मुक्ताबाईनं मारला. उत्तरादाखल पासष्ट ओव्या गेल्या आणि पुढे भिंत चालल्याची कथा सर्वांना माहीत आहे. खेळाच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात वरच्या पातळीच्या जादूगाराला एका मुलीनं एका वाक्यात हरवलं, फासा न टाकता.

आता खेळ मांडायला बसू. काळ मी १२०५ च्या आसपासचा घेईन. पन्हाळ्यावर शिलाहार राजा दुसरा भोज आहे, उत्तरेकडून यादव सिंघण येणार आहे आणि हे राज्य फार दिवस टिकणार नाही. खेळाडूंना ते माहीत नसेल, सूत्रधाराला असेल. त्याच साली आजऱ्याला सोमदेव नावाचा जैन पंडित ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणाचा ग्रंथ लिहितो आहे. एकीकडे शुद्ध शब्दाचं शास्त्र बांधणारा वैयाकरण आणि दुसरीकडे गावठी भाषेत बावन्न वीरांना हाक मारणारे शाबरी जोगी. शब्दाची ताकद शुद्धतेत की बोलीत, हा वाद मंडळाच्या मुळाशी ठेवला तर झग्यांच्या रंगांची गरज उरणार नाही.

सभा भरवायला खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला अठ्ठेचाळीस खांब आहेत आणि मधोमध छत मुद्दामच गोल, मोकळं सोडलेलं आहे. खाली वर्तुळाकार शिळा, वर तेवढंच आभाळ. असं सभागृह कल्पनेनं रचायचं म्हटलं तर लोक अतिशयोक्ती म्हणतील. पळून जायला पन्हाळ्याची अंधारबाव. तीन मजली विहीर, तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायला चोरवाट. ती आदिलशाही काळातली आहे, म्हणजे आपल्या कथेनंतरची. पण खेळात एवढं चालवून घ्यावं, परीक्षेला बसायचं नाहीये. मंडळाच्या हाती लागलेली गूढ वस्तू हवी असेल तर टाउन हॉलच्या संग्रहालयात चला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात रोमन बनावटीच्या ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्राचा परका देव. तो इथं का थांबला, याचं इतिहासातलं उत्तर व्यापार हे आहे. खेळातलं उत्तर तुम्ही द्या. आणि मुहूर्त हवा असेल तर किरणोत्सव आहे. जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर आणि नोव्हेंबरात, मावळतीचे किरण पहिल्या दिवशी अंबाबाईच्या चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत जातात. तीन दिवसांत पुरं होणारं काम मंडळाला देऊन बघा.

एक पथ्य मात्र पाळावं. नाथपंथ, महानुभाव, दत्तसंप्रदाय हे जिवंत आहेत, त्यांची माणसं शेजारी राहतात. त्यांची नावं जशीच्या तशी उचलून खलनायकांना देऊ नयेत. नियम घ्या, भांडणं घ्या, रचना घ्या आणि नावं आपली ठेवा. दुसरं असं की टेबलावरचा मंत्र टेबलावरच संपला पाहिजे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, धमकावणं, त्यातून पैसे कमावणं यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. या कायद्याला खेळाचं वावडं नाही. उलट मी तर म्हणेन की गुप्त मंडळ कसं रचतात हे ज्यानं स्वतः करून पाहिलंय, त्याला खऱ्या आयुष्यातला बाबा आणि त्याची मंडळी लवकर ओळखू येतात. अदृश्य गुरू कुठे लागतो, परीक्षा कशाला घेतात, शेवटची विद्या नेहमी पुढच्या पायरीवरच का असते, हे सगळं त्यानं पडद्याआड उभं राहून पाहिलेलं असतं.

खेळ सुरू करण्याआधी ‘नवनाथ भक्तिसार’ एकदा वाचाच. ओव्या सोप्या आहेत आणि घरात नसेल तर अंबाबाईच्या देवळाबाहेरच्या दुकानांत मिळेल. खिद्रापूर कोल्हापुरापासून साधारण साठ किलोमीटरवर आहे, स्वर्गमंडप दुपारी ऊन डोक्यावर असताना बघावा. आणि खरं मंडळ वाटेला लागलेलं पाहायचं असेल तर तेही जमेल. दर बारा वर्षांनी नाशिकच्या सिंहस्थाच्या वेळी नाथपंथी जोग्यांची झुंडी त्र्यंबकेश्वराहून पायी निघते, सुमारे सहा महिने चालत मंगळुरूच्या कद्री मठात पोहोचते आणि तिथं पुढच्या बारा वर्षांसाठी मठाचा राजा गादीवर बसतो. पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे.